पूर्वेला तोंड केलेला धोंडा

मित्रांनो, मी एक जुना धोंडा आहे. धोंडाच आहे, देव नाही. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण तुम्ही मला बघायला आलात तर तुमचे हात आपोआप जोडले जातील. माझ्या अंगावर बोटभर शेंदूर आहे, वर झेंडूची सुकलेली माळ आहे आणि पुढच्या बाजूला चांदीचे डोळे चिकटवलेले आहेत. लोक चपला काढून माझ्यापुढं वाकतात. शरमेनं मान खाली घालावी म्हटलं, तर देवानं मला मान दिलेली नाही. पाय असते तर केव्हाच रानात निघून गेलो असतो.

मी उभा आहे त्या जागेला तिवाटा म्हणतात. खाली वारणेचं खोरं आहे, तो सांगली जिल्हा. नदीकाठाला आंबोळे नावाचं गाव आहे. शिराळ्याची एसटी तिथवर येते आणि तिथूनच माघारी फिरते. गावाच्या पाठीमागं डोंगर, डोंगराला दाट रान आणि रानाच्या वर सडा, म्हणजे सपाट माथा. सड्यावर धनगरवाडा आहे. नाव वाडा असलं तरी ती मोजकी कौलारू घरं आहेत आणि तिथली माणसं म्हशी राखतात. सड्याच्या पलीकडच्या अंगाला उतरलं की सातारा जिल्हा लागतो.

आंबोळ्याहून वाड्याकडं जाणारी पायवाट रानातून चढते आणि चढ संपता संपता माझ्यापाशी येऊन फुटते. मावळतीकडची वाट वाड्याला जाते. उगवतीकडची वाट गवत कापणाऱ्यांची आहे. ती थोडी पुढं जाते आणि कड्यावर संपते. पूर्वी तिथून गवताचे भारे खाली ढकलायचे. या दोन्ही वाटा सुरुवातीला जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, आणि धुकं उतरलं की काहीच दिसत नाही. आमच्याकडं धुकं उतरतं म्हणजे स्वतःच्या हातातली काठी दिसत नाही.

मी आधी ओढ्यात लोळत होतो. तिथं काही काम नव्हतं. मला तिथून वर आणला तो बिराप्पानं. बिराप्पा हा वाड्यावरचा जवान गडी, नवंनवं लग्न झालेला. त्याची बायको धोंडुबाई खालच्या अंगाची, नदीकाठची. तिला धुक्याची सवय नव्हती. लग्नानंतरच्या भादव्यात ती आंबोळ्याहून मीठ आणि रॉकेल घेऊन एकटी वर येत होती आणि तिवाट्यावर चुकून उगवतीला वळली. बिराप्पा हाका मारत सगळा सडा धुंडाळत होता. घावली तेव्हा ती एका झाडाला टेकून बसली होती. तो रागावला आणि ती त्याच्याहून जास्त रागावली.

"एवढी सरळ वाट तुला गावत न्हाई व्हय?" तो म्हणाला.

"तुमच्या वाटंला ना तोंड ना बूड," ती म्हणाली. "मी काय वास काढत येऊ? एक खूण तरी करून ठेवायची."

बिराप्पा बोलायला कमी आणि करायला पुढं. दुसऱ्या दिवशी त्यानं ओढ्यात उतरून चांगला तासभर धोंडे चाचपले. त्यानं मला निवडलं, कारण मला नाक आहे. म्हणजे माझ्या एका अंगाला कमरेच्या उंचीवर एक ठसठशीत उंचवटा आहे. त्यानं मला जाड नाड्यानं बांधलं, रेडा जुंपला आणि खेचत खेचत तिवाट्यावर आणलं. खड्डा खणला, मला उभा केला, बुडाला बारकी दगडं ठोकली. नाक मावळतीला, वाड्याच्या वाटेकडं केलं. मग धोंडुबाईला बोलावलं, आपल्या पटक्यानं तिचे डोळे बांधले आणि तिचा हात धरून माझ्यावर ठेवला.

"नाक घावलं?"

"घावलं."

"मग ध्यानात ठेव. नाक जिकडं, घर तिकडं."

ती डोळे बांधलेल्या पटक्यासकट चालत निघाली आणि बरोबर वाड्याच्या वाटेला लागली. बिराप्पा मागं हसत उभा होता. मित्रांनो, ओढ्यातला बिनकामाचा दगड त्या दिवशी कामाला लागला. मला कुणी पगार देणार नव्हतं, पण माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे?

पुढं कितीतरी वर्षं मी ती नोकरी इमानानं केली. दुधाच्या किटल्या घेऊन उतरणाऱ्या बायका माझ्याशी टेकून चुंबळ नीट करायच्या. टपाल घेऊन येणारा पोस्टमन माझ्या सावलीत विडी ओढायचा. लस टोचायला येणारी नर्सबाई दर वेळी दमून म्हणायची, "आला बाई एकदाचा खुणेचा धोंडा, आता उतारच." वाड्यावर लग्न असलं की खालून येणारं वऱ्हाड माझ्यापाशी थांबून वाजंत्र्यांना दम घेऊ द्यायचं. धुक्याच्या दिवसांत तर येणारा प्रत्येक माणूस आधी मला चाचपायचा. माझं नाक लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालं. कुणी मला नमस्कार केला नाही आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

धोंडुबाईची मात्र वेगळीच तऱ्हा होती. ती येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "चल रं, येते." बिराप्पा म्हातारा झाला, खंगला, आणि एका उन्हाळ्यात गेला. त्यानंतर ती पहिल्यांदा वाटेनं आली तेव्हा माझ्या बुडाशी बराच वेळ बसली. थाप मारायला विसरली नाही. माझ्या अंगाला पाझर फुटत नाही हे बरं आहे, नाहीतर त्या दिवशी माझी शोभा झाली असती.

पुढं सड्यावर पवनचक्क्या आल्या. त्यांची पाती न्यायला पलीकडच्या अंगानं लांब वळसा घेऊन डांबरी रस्ता झाला. आठवडी बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यानं जीप यायला लागली. मग पायवाटेनं कोण कशाला चढेल? वाटेवर घाणेरीची झुडपं माजली. म्हशी माझ्याशी पाठ घासायच्या, तेवढीच काय ती माणसा-जनावराची संगत. रोज येणारं-जाणारं म्हणजे वाड्यावरची शाळेची पोरं, दूध घालायला उतरणारी धोंडुबाईची सून मंगल, आणि स्वतः धोंडुबाई. तिला जीपमध्ये बसलं की मळमळायचं. आंबोळ्यातल्या तरण्या माणसांना तर मी कोण हे माहीतच राहिलं नाही.

अशात एका रविवारी साताऱ्याहून ट्रेकिंगची पोरं-पोरी आली. पाठीवर रंगीबेरंगी पिशव्या, हातात काठ्या. त्यांनी माझ्याभोवतालची घाणेरी तोडली, माझ्यावरचं शेवाळ खरवडलं आणि एका डब्यातला भगभगीत नारिंगी रंग काढून माझ्यावर बाण रंगवला. बाण बरोबर मावळतीला रंगवला, त्यांची काही चूक नाही. मला वाटलं, चला, आपली कुणीतरी आठवण ठेवली. पण रंग पातळ होता. एका पावसाळ्यात तो ओघळून सगळ्या अंगभर पसरला. बाणाचा बाण राहिला नाही. लांबून बघणाऱ्याला मी शेंदूर फासलेला दिसायला लागलो.

आता मी तुम्हाला संयोगिताबद्दल सांगतो. ती आंबोळ्यातल्या सुभेदाराची सून. सुभेदार म्हणजे दादासो. फौजेतून रिटायर होऊन गावी आलेला, नदीकाठाला उसाचं रान असलेला, मिशा अजून पिळदार असलेला माणूस. त्याचा मुलगा यशराज पण फौजेत, लांब उत्तरेच्या सरहद्दीवर. संयोगिता वाईची. कृष्णेच्या घाटाजवळ लहानाची मोठी झालेली, रोज देवळात जाऊन आल्याशिवाय चहा न घेणारी. लग्न होऊन आंबोळ्याला आली, आणि पंधरा दिवसांत नवरा ड्यूटीवर गेला.

आंबोळे खोल खोऱ्यात आहे. तिथं फोनला रेंज नाही. घराच्या माळवदावर चढलं तर एखादी रेघ येते आणि जाते. यशराजचा बरेच दिवस फोन आला नव्हता. टीव्हीवर सरहद्दीच्या बातम्या चालल्या होत्या. पोरीला घास उतरेना. शेवटी ती डोंगर चढत वर आली, फोन हातात उंच धरून, चार पावलं चालायची आणि बघायची, चार पावलं चालायची आणि बघायची. असं करत करत ती तिवाट्यावर माझ्यापाशी पोचली आणि तिला माझा नारिंगी रंग दिसला.

तिनं चपला काढल्या. पदर खांद्यावरून घेतला. माझ्यापुढच्या मातीच्या उंचवट्यावर चढली, डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, तू कोण आहेस मला माहीत नाही. फक्त त्यांचा आवाज ऐकव."

आणि तिच्या हातातला फोन वाजला.

मित्रांनो, त्या उंचवट्यावर रेंज येते. पलीकडच्या सड्यावर, सातारा जिल्ह्याच्या अंगाला टॉवर आहे, तो तिथून सरळ समोर पडतो. ती तिथं चढली म्हणून फोन लागला. तिच्या जागी म्हैस चढली असती तरी लागला असता. पण हे त्या पोरीला कोण सांगणार? यशराज फोनवर म्हणत होता की तो बरा आहे आणि त्याची सुट्टी मंजूर झाली आहे. ती रडत होती, हसत होती आणि एका हातानं मला धरून माझ्यावर डोकं टेकत होती. मला तेव्हाच कसंतरी झालं. फुकटचं श्रेय घेतल्यासारखं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांनी कुणीतरी जवळ आलं म्हणून थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दादासो नारळ, हळद-कुंकू आणि खरा शेंदूर घेऊन आला. तिसऱ्या दिवशी निम्मा गाव आला. कुणी म्हणालं हा बिरोबा, कुणी म्हणालं वाटेवरचा म्हसोबा. नावावरून थोडी भांडाभांडी झाली आणि शेवटी 'तिवाट्याचा देव' असं ठरलं. यशराज सुट्टीवर आला तेव्हा जोडीनं येऊन अभिषेक झाला. फौजेत भरतीला जाणारी पोरं माझ्याकडं यायला लागली. ज्यांना परगावी फोन लावायचा होता तीही यायला लागली, आणि फोन लागला की देव पावला म्हणायची. दुधानं माझं अंग चिकट व्हायचं, मुंग्या लागायच्या. मी आतल्या आत आक्रसत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण श्रावणात दादासोनं चौथरा बांधायचा घाट घातला. वाळू-सिमेंट गड्यांच्या डोक्यावरून वर आणलं. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली, नाकावर हात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"देवाचं तोंड तर मावळतीला हाय," तो म्हणाला. "असं कुठं असतंय? म्हणूनच गावाला बरकत न्हाई. उगवतीला कराय पायजे."

तेवढ्यात मंगल रिकामी किटली घेऊन वर येत होती. गडी पहारी घेऊन माझ्या बुडाशी बसलेले बघून ती थांबली.

"आवं सुभेदार, त्यो खुणेचा धोंडा हाय," ती म्हणाली. "आमच्या मामंजींनी उभा केलाय. वाड्याकडं तोंड करून."

दादासो वाईट माणूस नाही. तो तिच्यावर खेकसला नाही. समजावणीच्या सुरात म्हणाला, "अगं पोरी, तुझ्या सासऱ्यानं धोंडा उभा केला, खरं हाय. पर नंतर आत येऊन बसला कोण, ते तुला काय ठावं?"

देवाच्या कामात आडवं पडायला जीव धजत नाही. शिवाय म्हशी धारेला थांबल्या होत्या. तिनं किटली दुसऱ्या हातात घेतली, लांबूनच हात जोडले आणि ती वाड्याला गेली. जिनं रोज मला ओलांडून दूध नेलं, तिनंही हात जोडले. मला ते फार लागलं.

गड्यांनी बुडातली बारकी दगडं उपसली. बिराप्पानं ठोकून बसवलेली एकेक बाहेर पडली. दोर बांधला. दादासोला फौजेतली लकब आठवली. त्यानं छाती पुढं काढून हुकूम सोडला, "पीछे मुड!" गडी हसले आणि त्यांनी जोर लावला. मी गर्रकन फिरलो. माझं नाक कड्याकडं झालं. त्यांनी मला सिमेंटमध्ये पक्का बसवला, सनई लावली आणि शिरा वाटला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी बोंब मारली असती. मला फक्त नाक आहे.

तुम्ही म्हणाल, वाड्यावरच्या लोकांना वाट पाठ होती, मग बिघडलं काय? उघडीप असली की काही बिघडत नव्हतं. डोळसाला खुणेची गरज नसते. पण एक माणूस असा होता की ज्याला हा बदल ठाऊकच नव्हता. धोंडुबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती मिरजेला गेली होती आणि तिथंच लेकीकडं महिनाभर राहिली होती. मला वळवला तेव्हा ती मिरजेत होती.

भादव्यात जावयानं तिला एसटीत बसवून दिलं आणि मंगलला फोन लावला, की म्हातारीला न्यायला खाली उतरा. पण वाड्यावर रेंज नाही. निरोप पोचलाच नाही. धोंडुबाई भर दुपारी आंबोळ्यात उतरली. डोळ्यावर दवाखान्याचा काळा चष्मा, काखेत बोचकं. धुकं गावाच्या डोक्यापर्यंत उतरलेलं. स्टँडजवळच्या दुकानदारानं तिला थांबवलं.

"आज्जे, कुणीतरी येऊ दे न्यायला. लय धुकं हाय."

"आरं, पायाखालची वाट हाय माजी," ती म्हणाली. "डोळं झाकून जाईन की."

ती आली. मला तिची काठी आधी ऐकू आली, मग तिचा दम. चौथऱ्याला तिचा पाय ठेचकाळला. ती चाचपडत वर चढली आणि तिनं दोन्ही हात माझ्यावर ठेवले. शेंदरानं हात तेलकट झाले. तिला माळ लागली, उदबत्तीचं घर लागलं.

"आगं बया," ती म्हणाली. "तुला कुणी नटवलं रं?"

हसली. काळ्या चष्म्याआड तिला फक्त पांढरं धुकं दिसत होतं. तिनं सवयीनं माझं नाक शोधलं. शेंदराच्या थराखाली ते तिला घावलं. मग तिनं पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "चल रं, येते." आणि नाकाच्या दिशेनं, कड्याकडं चालायला लागली.

मी हलू शकलो नाही. मी काहीच करू शकलो नाही. जिच्यासाठी मला ओढ्यातून वर आणला, तिलाच मी कड्याकडं धाडत होतो, आणि तिचा माझ्यावर इतका विश्वास की तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. लोक म्हणतात, दगडाला काय कळतंय. त्या दिवशी मला वाटलं, खरंच काही कळत नसतं तर फार बरं झालं असतं.

कड्यापाशी पोचता पोचता तिला खालून वारा लागला. आयुष्य सड्यावर काढलेली बाई. वारा खालून लागला म्हणजे पुढं जमीन नाही, हे तिला लगेच कळलं. ती मागं सरकायला गेली, ओल्या गवतावरून पाय निसटला आणि ती करवंदीच्या जाळीत पडली. जाळीनं तिला धरून ठेवलं. चष्मा खाली दरीत गेला. आणि एक काटा तिच्या उजव्या डोळ्यात शिरला. नुकतं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात.

मंगल म्हशी वळवायला सड्यावर आली होती. तिला हाका ऐकू आल्या. वाड्यावरची माणसं धावली, म्हातारीला घोंगडीत घालून डांबरीपर्यंत नेलं, जीप मिळाली, पुन्हा मिरज. डॉक्टरांनी खूप खटपट केली. पण तो डोळा गेला. आता राहिलेल्या डोळ्यानं तिला उजेड आणि सावल्या दिसतात, बाकी काही नाही.

आंबोळ्यात बातमी पोचली तेव्हा लोक काय म्हणाले असतील? मला वाटलं, आता तरी कुणीतरी विचारेल की म्हातारी तिकडं गेलीच कशी. कुणी विचारलं नाही. सगळे म्हणाले, "तिवाट्याच्या देवानं जीव राखला. जिवावरचं होतं ते डोळ्यावर निभावलं." कड्यावर जाऊनही बाई वाचली, म्हणजे देव जागृत आहे. माझी कीर्ती वाढली. शिराळ्यापासून लोक यायला लागले. आणि दादासोनं सोनाराकडून माझ्यासाठी चांदीचे डोळे करून आणले.

डोळे बसवायचे ते धोंडुबाईच्या हातानं, असं ठरलं, कारण देव पावला तो तिला. दसऱ्याच्या सकाळी मंगलनं तिला हाताला धरून आणलं. सगळा गाव जमला होता. संयोगिता हातात ताट घेऊन उभी होती आणि ताटात ते डोळे होते. यशराजची सुट्टी केव्हाच संपली होती, तो परत सरहद्दीवर होता.

"मावशी, तुमचा मान हाय," दादासो म्हणाला. "लावा डोळं."

धोंडुबाईनं हात पुढं केला. डोळे घेतले नाहीत. माझ्यावर हात फिरवला, नाकापाशी आली आणि थांबली. तिच्या पाठीवर सकाळची उन्हं येत होती. तिनं एकदा वळून उन्हाकडं तोंड केलं, एकदा माझ्या नाकावर हात ठेवला. मंगलला जे तेव्हा रेटून सांगता आलं नव्हतं आणि नंतर सासूलाही सांगायचा धीर झाला नव्हता, ते आता सगळ्यांसमोर उघडं पडलं.

"सुभेदार," ती म्हणाली, "ह्यो आमच्या वाड्याकडं बघायचा. ह्याला कड्याकडं कुणी वळवला?"

दादासोनं घसा खाकरला. "मावशी, शास्त्रापरमानं केलं. देवाचं तोंड उगवतीला असतंय."

"तुमचं शास्त्र माज्या डोळ्यात घुसलं न्हवं का," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी नाकाला हात लावूनच तिकडं गेले."

दादासोची मान खाली गेली. पिळदार मिशांचा तो माणूस मला एकदम म्हातारा दिसला. मग तो गड्यांना म्हणाला, "पहारी आणा रं. फिरवू या परत."

तेव्हा संयोगिता ताट घेऊन मध्ये आली. "मामंजी, नको," ती म्हणाली. "ते तिकडं आहेत. आता देवाला हात लावला आणि तिकडं काही झालं तर मी काय करू? नको, मामंजी." ती रडायला लागली. दादासो तिथंच थबकला. यशराज त्याचाही मुलगाच होता.

सगळे धोंडुबाईकडं बघायला लागले. तिला संयोगिताचं तोंड दिसत नव्हतं, फक्त रडणं ऐकू येत होतं. मग तिनं चाचपडत त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पोरीचा जीव टांगणीला नको. धनी घरला येऊ दे तिचा, मग बघू."

आणि तिनं ताटातले डोळे उचलले, मंगलनं दाखवलं तिथं, स्वतःचा एक डोळा गेलेला असताना, मला बसवले. लोकांनी गजर केला. नारळ फुटले. मित्रांनो, चांदीच्या डोळ्यांनी मला काही दिसत नाही, पण त्या दिवसापासून मला वाटतं की सगळी दुनिया माझ्याकडं बघते आहे.

अजून मी तसाच आहे. संयोगिता दर आठवड्याला येते, उंचवट्यावर चढून फोन लावते, नवऱ्याशी बोलते. जाताना नमस्कार करते, पण आताशा माझ्याकडं नीट बघत नाही. वाड्याकडून धोंडुबाईची काठी वाजली की ती घाईघाईनं खाली उतरते. तिलाही काहीतरी कळलं आहे, पण भीती मोठी आहे. मी तिला दोष देत नाही. बाई गं, मी वळलो तरी तुझा फोन लागेल, एवढंच मला तिला सांगायचं आहे आणि तेवढंच मला सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही कधी डोंगरातून, रानातून, नदीच्या काठानं चालत गेलात आणि वाटेवर असा कुणी मुका धोंडा उभा दिसला, तर शेंदूर लावायच्या आधी तिथल्या जुन्या माणसाला विचारा, की हा इथं कशाला उभा आहे. झाडाची खूण असेल, ओढ्यातल्या पायदगडांची रांग असेल, नुसता दगडावर दगड रचलेला असेल, त्याला कुणीतरी कुणासाठी तरी तिथं ठेवलेलं असतं. त्याची घाणेरी तोडा, त्याचं शेवाळ काढा. त्याच्या जागेवरून त्याला हलवू नका. आणि आमच्या तिवाट्याला आलात तर नारळ आणू नका. पहार आणा.

वाड्यावरची पोरं शाळा सुटली की याच वाटेनं वर येतात. धुकं असलं की धोंडुबाई तिवाट्यापर्यंत येऊन चौथऱ्याशी बसून राहते आणि एकेकाला सांगते, "देवाच्या पाठीला पाठ लावा आणि सरळ चाला. घर येतंय." परवा तिची नात सोनिया घुटमळली. देवाला पाठ दाखवली तर पाप लागतं, असं तिला शाळेतल्या कुणी मैत्रिणीनं सांगितलं होतं.

"आज्जे, त्याला राग न्हाई येणार?"

"न्हाई गं," धोंडुबाई म्हणाली. "त्याला बी तेच पायजे. तू जा."

सोनियानं माझ्या पाठीला पाठ लावली आणि ती धुक्यात चालू लागली. थोड्या वेळानं वाड्याकडून तिचा आवाज आला, पोचले म्हणून.